तिसरी सही

अर्ज संध्याकाळी सहाला बंद होणार होता, आणि अडीच वाजले तरी कुणी विषय काढला नव्हता.

मावशीने आल्याआल्या खिडकी उघडली होती. दहा मिनिटांनी वहिनीने ती अर्धी लावली, कारण आईच्या पायांवर वारा येत होता. दादा पलंगाच्या कडेला बसून आईचं पांघरूण सरळ करत होता. ते सरळच होतं.

बारकी स्वयंपाकघरात पाण्यात पावडर ढवळत होती. साधं पाणी प्यायलं की आईला ठसका लागायचा; मधाइतकं घट्ट केलं की ते नीट उतरायचं. एका पेल्याला तीन सपाट चमचे, मग दोन मिनिटं थांबायचं. बारकी एकोणीस वर्षांची होती, उभी राहिली की दादाच्या कानाला लागत होती, तरी घरात तिला बारकीच म्हणत.

"तो कागद आण गं," मावशीने बाहेरून हाक मारली. "मी सकाळी दोन बस बदलून आलेय ती चहा प्यायला नाही."

बारकीने पेला आणि कागद दोन्ही आणले. मावशीने चष्मा चढवला आणि ज्या सपाट आवाजात तिने तीस वर्षं कोर्टात लोकांच्या साक्षी लिहून घेऊन परत वाचून दाखवल्या होत्या, त्याच आवाजात वाचायला सुरुवात केली.

"बदलपत्र. रुग्णाच्या प्रमुख काळजीवाहकाच्या नोंदीत बदल करण्याबाबत. आधीचा काळजीवाहक, मुलगा. नवीन काळजीवाहक, मुलगी. बदल कधीपासून लागू, इथे रिकामं आहे. खाली सह्या तीन. आधीच्याची, नवीनची आणि रुग्णाची." तिने मान वर केली. "रिकामं का?"

"आजची तारीख घाल म्हटलं होतं मी तिला," दादा म्हणाला. "सहीला माझी ना कधीच नव्हती."

"आजची चालत नाही, दादा. परवाच सांगितलं तुला."

"परत सांग. सगळ्यांसमोर सांग."

बारकीने आईच्या ओठांशी पेला धरला, एक घोट उतरेपर्यंत थांबली, मग म्हणाली, "विद्यापीठात काळजीवाहक मुलांना हजेरीची अट माफ आहे. पण घरच्या रुग्णाला निदान दोन वर्षं सांभाळलेलं असलं पाहिजे, आणि तशी दवाखान्यात नोंद पाहिजे. अठरा पूर्ण झाली की दवाखाना मागच्या तारखेपासूनही नोंद लावून देतो. दवाखान्याचा शिक्का आठवड्याभरात दिला तरी चालतो, पण सह्या केलेला कागद आज अर्जाबरोबर चढवायचा आहे. माझी हजेरी चोपन्न टक्के आहे. पंचाहत्तर नसेल आणि नोंदही नसेल, तर ते गुण बघतसुद्धा नाहीत."

"गुण किती होते?" वहिनीने विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी." ताप किती आहे हे सांगावं तसं बारकीने सांगितलं.

"आणि शिकायचं काय, तर दगड," दादा म्हणाला. "चार तासांच्या अंतरावर जाऊन दगड बघायचे. इथे कमी आहेत का?"

"आहेत ना," मावशी म्हणाली. "एक तर माझ्यासमोरच बसलाय."

वहिनीला हसू आलं. तिने ते खाली बघून गिळलं, पण दादाने पाहिलं होतं.

*

खरी तारीख. ती घाल, असं मावशी तेवढ्यात दोनदा म्हणाली होती, आणि दादाला ते दोन्ही वेळा लागलं होतं.

बाबा गेले त्या वर्षी पाटबंधारे खात्याने त्याची धरणावर बदली केली होती. घरी गंभीर आजारी माणूस असेल आणि त्याची काळजी घेणारा प्रमुख माणूस तूच असशील, तर बदली थांबते, असं त्याला कचेरीत कुणीतरी सांगितलं. बारकी तेव्हा सोळाची होती. अठराच्या आतल्या मुलीची नोंद दवाखाना करत नव्हता, म्हणून त्याचं नाव लागलं. त्यात लबाडी नव्हती. तो खरंच रोज संध्याकाळी येणार होता. दोन महिने आलाही. मग दिवसाआड, मग शनिवार-रविवार, मग लग्न झालं. आपण नेमके कुठल्या दिवशी खोटे झालो हे त्याने बरेचदा आठवून पाहिलं होतं. तसा दिवस सापडत नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याला स्वच्छ आठवत होती. घरात अक्षर बारकीचं चांगलं, म्हणून दवाखान्याचा फॉर्म तिने भरला. याच पलंगाशी, मांडीवर पाट घेऊन. "दादा, रोज किती तास, तिथे काय लिहू?" तिने विचारलं होतं. "तुझे किती होतात?" "शाळा सोडून? सोळा." "मग सोळा लिही," तो म्हणाला होता. तिने आपले सोळा तास त्याच्या नावासमोर लिहिले, आणि लिहून झाल्यावर आईची कूस बदलायला उठली.

"तीन वर्षांपूर्वीची तारीख घातली," तो आता म्हणाला, "की खात्याला सरळ कळतं, तीन वर्षं मी खोट्या नोंदीवर इथे बसलोय."

"बसला आहेसच," मावशी म्हणाली.

"आणि तो फॉर्म माझ्या अक्षरात नाहीये, मावशी. तिच्या आहे. विचार तिला."

बारकी पेला धुवायला आत गेली. तिने नळ सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही.

"सोळा वर्षांची पोर होती ती," मावशी हळू म्हणाली. "हे तू बोललास? मी लिहून घेऊ का?"

"घे. सगळं लिहून घे. आणि खाली हेही लिही, ती गेल्यावर आईला कोण बघणार? तू नेतेस तुझ्याकडे? ने. मी आत्ता तारीख घालतो, खरी घालतो. बोल."

*

मावशीच्या घराला एक्केचाळीस पायऱ्या होत्या आणि लिफ्ट नव्हती. ते उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, आणि खरं होतं, म्हणून तिने ते दिलं. पण देताना तिने पलंगाकडे पाहिलं नाही.

पलंगावर तिची थोरली बहीण होती. दोघींची आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई बावीसची होती आणि ही अठराची. दोघींपैकी एकीनेच बाहेर पडायचं होतं. त्यावर बोलणं असं झालंच नाही. एका सकाळी ताईने आपली बरी चप्पल हिच्या पिशवीत घातली आणि म्हणाली, जा, लघुलिपी शीक, तुझा हात वेगाने चालतो. मावशी दर पंधरा दिवसांनी पत्र लिहायची. घरी फार कमी यायची. आल्यावर त्या खोलीचा वास तिला सहन होत नसे, आणि ताईला ते कळतं हेही तिला कळत असे.

आता या खोलीत तोच वास नव्हता. बारकी ती वेळ येऊ देत नव्हती. तरी मावशीने खिडकी उघडली होती.

"पायऱ्यांचं जाऊ दे," ती म्हणाली. "मला उचलणंच व्हायचं नाही. माझी स्वतःची कंबर..." मग थोडं थांबून, "बारके, एक वर्ष थांबली असतीस तर? तोवर काहीतरी बघितलं असतं. एखादी बाई."

बारकी दारात हात पुसत उभी होती. "मावशी, काल फोनवर तू म्हणालीस, आता थांबलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"काल म्हणाले होते."

"गेल्या वर्षी आईच्या छातीत कफ भरला, मी थांबले. पुढच्या वर्षी हे गुणच धरत नाहीत. परत परीक्षा द्यावी लागते, आणि परत हजेरी लागते."

"मी नाही कुठे म्हणतेय? मी आपलं विचारलं."

दादा पलंगावरून उठून खुर्चीत रेलला. त्याची बाजू अचानक वजनदार झाली होती, आणि त्याला त्याचा आनंद होत नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तेच तर मी म्हणतोय. जा म्हणणं सोपं असतं. मलाही वाटतं ती शिकावी. पण माणूस घरात असा असताना..."

"बदली होऊ दे," वहिनी म्हणाली.

ती इतका वेळ खिडकीच्या कट्ट्यावर बसून होती. कवळ्या बनवायच्या कारखान्यात काम करणारी, बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी कायमची मुरलेली, सासरी आली की पाहुण्यासारखी बसणारी. दादा तिच्याकडे वळला.

"काय म्हणालीस?"

"बदली होऊ दे म्हटलं. धरणाच्या वसाहतीत तळमजल्याचं घर आहे. दोन खोल्या, मोठं न्हाणीघर, दारापर्यंत उतार आहे. चाकाची खुर्ची थेट आत जाते. मी फोन करून विचारलंय."

"कधी?"

"महिना झाला."

"महिना! आणि मला..."

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बघू. तुझं बघू मला आता पाठ झालंय."

"तुझं काम?"

"दात सगळीकडे पडतात," वहिनी म्हणाली. "तिथल्या दवाखान्यात दातांचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, आणि कवळी इथून करून न्यावी लागते. मी बोललेय त्यांच्याशी. घरूनच करता येईल." तिने बोटं एकमेकांत अडकवली. "खात्याचं काय ते होईल. फार तर समज देतील आणि बदली करतील. पण जिन्यात तुझा साहेब भेटला आणि म्हणाला, काय, आई कशी आहे, की तू माझ्याकडे बघतोस. मी काहीतरी सांगावं म्हणून. मला ते नको झालंय. आईंना आपण तिकडे घेऊन जाऊ. हिला जाऊ दे."

बारकी वहिनीकडे बघत राहिली. लग्न झाल्यापासून तिने या बाईला एकदाही स्वयंपाकघरात बोलावलं नव्हतं. आली तर पसारा करील, डबे हलवील, असं तिला वाटायचं.

"तुला कूस बदलता येईल?" तिने विचारलं. आवाज कोरडा आला.

"दाखव. शिकेन."

*

मग सगळेच बोलायला लागले. खोलीतली हवा एकदम सैल झाली. दादा उठला आणि पलंगाची रुंदी हाताच्या वितीने मोजू लागला. मावशी म्हणाली, पाण्याजवळची हवा चांगली असते, ताईला मानवेल. हे घर बंद ठेवायचं की कुणाला द्यायचं, पंधरा दिवसांत गाडी मिळेल का, पलंग सुटा होतो का. दादा म्हणाला, स्क्रू गंजलेत, पण होईल. चार वाजायला वीस मिनिटं होती.

आई हे ऐकत होती. दुपारच्या गोळीचा जोर उतरत आला होता. या वेळी अंग हळूहळू तिच्या ताब्यातून जायचं, आधी पाय, मग मान, मग आवाज. तिच्या मनात एक वाक्य होतं. ते तिने वहिनी बोलायला लागली तेव्हाच जुळवलं होतं. पण ते घशापर्यंत आणायला वेळ लागत होता, आणि तेवढ्यात बोलणं घरावरून गाडीवर आणि गाडीवरून स्क्रूवर गेलं होतं.

खाली छापखाना होता. यंत्राचा आवाज फरशीतून पलंगाच्या पायात यायचा आणि तिथून तिच्या पाठीत. तो थांबला की जेवणाची सुटी, परत सुरू झाला की दोन. शेजारच्या दाराची कडी, जिन्यातली पावलं, कुणाची कुठली हे तिला डोळे मिटून कळायचं. हल्ली तिचा दिवस यातूनच जात होता. तिकडे काय ऐकू येईल? पाणी. पाणी दिवसरात्र एकसारखंच वाजतं.

मुलीने जावं असं तिला वाटत होतं. हे तिने मनात कितीदा तरी मुलीला सांगितलं होतं. मुलीने जाऊ नये असंही वाटत होतं, आणि ते तिने स्वतःलाही पुरतं सांगितलं नव्हतं. सून वाईट नव्हती. पण सुनेसमोर आपले कपडे बदलले जातील, या विचाराने तिला आत्ताच अंग चोरावंसं वाटलं, आणि अंग हललं नाही.

"बारके," ती म्हणाली.

आवाज जेमतेम निघाला. बारकीने लगेच ऐकला. "पाणी हवंय," ती इतरांना म्हणाली, आणि पेला घेऊन आली.

आई पाणी प्यायली.

*

सही आधी दादाने केली. पेन हातात घेऊन तो 'कधीपासून'च्या चौकटीवर थोडा थांबला. बारकी म्हणाली, "दे, मी लिहिते." तो म्हणाला, "नको. या वेळी माझ्या अक्षरात असू दे." आणि त्याने तीन वर्षांपूर्वीची तारीख घातली, दिवस-महिन्यासकट, न विचारता. त्याला ती पाठ होती हे बारकीला माहीत नव्हतं. मग तिने आपली सही केली.

"आता आई," दादा म्हणाला.

"चारला गोळी आहे. लागू व्हायला पाऊण तास. पावणेपाचला हात चांगला चालतो तिचा."

"पावणेपाच? मग फोटो काढायचा, अर्ज भरायचा, आणि शेवटच्या तासात सगळ्या जगाची पोरं त्याच पानावर. अडकलं म्हणजे? आत्ताच घेऊन टाक. तू धरतेसच ना हात नेहमी."

ती धरायची. बँकेचा कागद असो, दवाखान्याचा असो, आईच्या बोटांत पेन द्यायचं, वरून आपला हात ठेवायचा आणि आईचा हात जाईल तसं जायचं. वजन तेवढं बारकीचं, वळण आईचं. सही वेडीवाकडी यायची, पण आईची असायची.

तिने पाट आणला, कागद लावला, आईला उशीने जरा उठतं केलं. पेन बोटांत दिलं. हात ठेवला.

हात ताठ होता. त्यात काही नवं नव्हतं. या वेळी तो ताठच असायचा. पण आजाराचा ताठरपणा दातेरी चाकासारखा सुटतो. सावकाश हलवलं की थोडा सुटतो, अडतो, परत थोडा सुटतो, आणि मनगटावर बोट ठेवलं तर ते दाते एकेक मोजता येतात. तीन वर्षांत बारकीच्या हाताला ते इतके ओळखीचे झाले होते की अंधारातही आईचा हात तिने तेवढ्यावरून ओळखला असता.

आज दाते लागत नव्हते. हात सलग घट्ट होता. तिने थोडा जोर लावला, तेवढाच जोर उलट आला. आणखी लावला, आणखी आला. चाक असं करत नाही. असं माणूस करतं.

तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. तो गेली दोन वर्षं काहीच दाखवत नव्हता. डोळे तेवढे तिच्याकडे होते.

"काय झालं?" दादाने विचारलं.

"जड आहे हात," बारकी म्हणाली.

"मग सावकाश घे," मावशी म्हणाली. "ताई, सैल सोड गं जरा."

सैल सोडला नाही. बारकीने आपलं दुसरं मनगट आईच्या कोपराखाली सरकवलं, पलंगावर माणूस वर सरकवताना घेतात तशी पकड घेतली आणि अंगाचा भार पुढे टाकला. ज्या पकडीने तिने तीन वर्षं या बाईला पडू दिलं नव्हतं, ती पकड बघणाऱ्याला नेहमीसारखीच दिसली असती. पेन कागदावर चाललं. पहिलं अक्षर उमटलं, दुसरं उमटलं, शेवटी खाली रेघ. आई नेहमी मारायची तशी, डावीकडून उजवीकडे, टोकाला किंचित वर. तिने तीही मारली.

"झाली!" मावशी म्हणाली. "उलट आज जास्तच चांगली आली."

दादाने कागद उचलला, फुंकर घातली. "उजेड बाहेरच्या खोलीत बरा आहे, चला. अर्ज उघडून ठेवलाय ना? मी तुझं बाकीचं भरत जातो, तू गोळी दे." जाताना त्याने बारकीच्या डोक्यावर हात ठेवला. असं त्याने फार वर्षांत केलं नव्हतं. वहिनी दाराशी थांबली, तिने बारकीच्या मनगटाकडे बघितलं, मग आईकडे, आणि तीही बाहेर गेली.

चार वाजले. बारकीने आईच्या बोटांतून पेन काढलं. बोटं आता सैल होती. तिने ती आपल्या हातात घेऊन एकेक सरळ केली. तर्जनीवर पेनाचा खळगा उमटला होता, तो अंगठ्याने चोळला. गोळी अर्धी करून जिभेवर ठेवली. गळ्याची हालचाल दिसेपर्यंत थांबली.

"आई," ती म्हणाली.

आईचे ओठ हलले. बारकीने कान जवळ नेला.

"विचारलं असतंस," आई म्हणाली. श्वास घेतला. "तर..."

बारकी थांबली. अर्धं वाक्य आलं की उरलेलं यायला कधी मिनिट लागतं, कधी दोन, हे तिला माहीत होतं. घाई केली की ते येत नाही, म्हणून तिने घाई केली नाही. खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं. आईने परत श्वास घेतला, ओठ जरा उघडले, आणि मिटले. डोळेही मिटले. झोप लागली होती की नाही, ते त्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं.

"बारके!" दादाने बाहेरून आवाज दिला. "इथे एक विचारलंय. खडकांच्या अभ्यासासाठी सलग एकवीस दिवस घराबाहेर राहू शकाल का? हो की नाही?"

आईचा हात अजून तिच्या हातात होता.

"हो," ती म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं."

"हो म्हटलं," बारकी म्हणाली. "हो लिही."